मेंढरावरचं अक्षर

आमच्या मेंढरांच्या पाठीवरची खूण म्हणजे मोडीतलं एक अक्षर आहे. कुठलं, ते मी सांगणार नाही. खूण ज्याची त्याची असते, छापून वाटायची नसते, आणि घराण्याचं एवढं तरी मी पाळते. बाकी फारसं काही पाळलेलं नाही. मेंढरांमागं चालायचं सोडून माण तालुक्यातून कराडला शिकायला आले, तिथंच राहिले, आणि आता भाड्याच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी फोनमधली अक्षरं काढते. बसून म्हणायचं आपलं. एक वळण काढलं की उठते, चहा टाकते, गच्चीत चक्कर मारून येते. आई म्हणते, धनगराची पोर खुर्चीला बांधली तर खुर्चीसकट चालायला लागेल.

खूण दिसायला साधी. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली वेटोळं, वेटोळ्यातनं बाहेर निघालेलं शेपूट. ते अक्षर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मला तर लहानपणी ते झोपलेल्या मेंढराचं चित्र वाटायचं. कॉलेजात असताना एक निवृत्त मास्तर रविवारी मोडी शिकवायचे. त्यांनी एकदा फळ्यावर ते काढलं आणि मी बाकावरून उठलेच. सर, ही तर आमची मेंढरं, असं तोंडातून गेलं. सगळा वर्ग हसला. हसू देत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला होता. आमच्या पणज्या-खापरपणज्यांना लिहिता येत नव्हतं असंच मी धरून चालले होते, आणि ते तर चालत्या जनावरांवर लिहीत होते.

तेव्हापासून मी मोडीच्या मागंच लागले. आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संगणकात अक्षर नसतं, आकडा असतो. जगातल्या एकेका लिपीतल्या एकेका अक्षराला एकेक आकडा दिलेला आहे, आणि फोन तो आकडाच इकडून तिकडं पाठवतो. आकड्याला अंगरखा घालायचं काम फॉन्टचं, म्हणजे आमचं. मोडीच्या अक्षरांना आकडे मिळून बरीच वर्षं झालीत. पण फोनमध्ये अंगरखा नसला की नुसता रिकामा चौकोन दिसतो. आमच्या कंपनीनं मोडीचा फॉन्ट करायला घेतला तेव्हा ते काम मी भांडून मागून घेतलं. पहिलं अक्षर कुठलं काढलं असेल ते सांगायला नको. काढलं आणि लगेच भावाला पाठवलं. त्याच्या फोनवर अर्थातच चौकोन. आक्का, रिकामी पेटी कशाला पाठवलीस, असं त्यानं विचारलं. मी इतकी चिडले की दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळतं, पण तोंडातून फक्त 'न् न्' एवढंच निघतं. ज्या माणसाची हाळी टेकडीपलीकडं जायची त्याला पाणी मागता येईना. दवाखान्यातून घरी आणून खाटेवर निजवलं आणि आम्ही सगळे त्यांच्या डाव्या हाताकडं बघत बसायला शिकलो. तो हात काय म्हणतो ते ओळखायचं, चुकलं की परत ओळखायचं.

आणि इथंच घोडं अडलं. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं पुजायची, खूण घालायची आणि घाट उतरून खाली कृष्णाकाठी निघायचं, ही आमची रीत. खाली ऊस, सोयाबीन निघालेलं असतं, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, पावसाळ्यापर्यंत जनावर जगतं. माणात थांबलं तर जगत नाही. यंदा तर दिवाळीतच रान भाजल्यागत झालं होतं. पण खूण घालायची ती घरातल्या कर्त्यानं, स्वतःच्या हातानं. आणि कर्त्याचा हात तर चादरीखाली पडलेला. बिनखुणेचं मेंढरू आबांनी कधी वेशीबाहेर जाऊ दिलं नव्हतं. भाऊ रंगाचा डबा घेऊन पुढं झाला की आबा 'न् न्' करून खाट हलवायचे.

भाऊ मुंबईत गोदामात माल उतरवायचं काम करून, कंटाळून परत आलेला. दोन वर्षं आबांमागं चालला होता, एकट्यानं कळप कधी नेला नव्हता. तो फोनवर म्हणाला, "आक्का, पाला संपत आला. आबा सोडत न्हाईत. आता तूच कायतरी कर."

मी काय करणार? मला एकच गोष्ट येते. मी माझ्याच फॉन्टमधलं ते अक्षर वीतभर मोठं केलं, कराडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेझरनं पत्र्यातून कापून घेतलं, आणि पत्रा पिशवीत घालून एसटीनं गाव गाठलं. पत्रा मेंढराच्या पाठीवर धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की झाली खूण. कुणाच्या हाताचा प्रश्नच नाही. स्वतःवर लय खूश होते मी. आबांचं अक्षर आबांच्या हातावाचून उमटणार होतं, आणि ते मी काढलेलं होतं. वाटेत मी तो पत्रा दोन-तीनदा पिशवीतून काढून बघितला. शेजारच्या बाईनं विचारलं, इडलीचा साचा आहे का म्हणून.

भावानं एक मेंढी धरली, मी पत्रा टेकवला, तांबडा रंग फिरवला. अगदी पुस्तकातल्यासारखं उमटलं. आबांनी बघितलं आणि डाव्या हातानं माझ्या हातातला पत्रा उडवून लावला. अंगणात जाऊन पडला तो. मला काही कळेना. आईला कळलं. तिनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आगं, ही थोरल्यांची खूण हाय."

थोरले म्हणजे आबांचे सख्खे मोठे भाऊ, आमचे तात्या. मी शाळेत असताना दोघांचा एकच कळप होता, एकच तळ. एका वर्षी तात्यांच्या हट्टानं नदीच्या काळ्या रानात तळ टाकला, अवकाळी आला आणि रात्रीत कोकरं गारठून मेली. त्यावरून जे भांडण लागलं ते कळप वाटून घेऊनच थांबलं. खूण थोरल्याची, म्हणून ती तात्यांकडं राहिली. आबांनी शेपूट उलटं फिरवलं. तात्यांचं उजवीकडं, आमचं डावीकडं. त्यानंतर दोघं लग्नकार्यातसुद्धा मांडवाच्या दोन टोकांना बसायचे. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी काढलं उजवीकडचंच. कारण मास्तरांच्या फळ्यावर तसं होतं, जुन्या कागदांत तसं होतं, आणि शेपटाची दिशा आबांच्या मेंढरांवर जाऊन बघावी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. धनगराच्या पोरीनं घरची खूण पुस्तकात बघून काढावी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परत कराड. अंगाची नुसती तगमग होत होती. माझं म्हणणं असं झालं होतं, की ही दोन अक्षरं आहेत. दोन कळप, दोन घरं, दोन खुणा, मग आकडा एक कसा? कंपनीत माझ्यावर एक बाई आहेत, शांत, मला न परवडणाऱ्या शांत. त्यांना मी फोन करून हे सगळं तावातावानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आकडा अक्षराला असतो, वळणाला नसतो, दोघांनी दोन तऱ्हेनं काढलं म्हणून अक्षरं दोन होत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग निदान फॉन्टमध्ये दुसरं वळण घाला, असा मी आग्रह धरला. त्याला जुन्या कागदांतला पुरावा लागेल, असं त्यांचं उत्तर. मी म्हणाले पुरावा चरतोय माणात, या बघायला. त्यावर त्या हसल्या आणि मला आणखी राग आला. शेवटी त्यांनी विचार करते म्हणून सांगितलं. मी विचाराची वाट बघणारी नव्हे. शेपूट डावीकडं वळवलं, तोच कारखाना गाठला, दुसरा पत्रा कापून घेतला, आणि परत एसटी.

गावात पोचले तर भावाचं तोंड उतरलेलं. मेंढरं झाडांच्या साली कुरतडत होती. मी चप्पलसुद्धा न काढता आबांपुढं पत्रा धरला. बघा आबा, डावीकडं केलंय. आबांनी पत्र्याकडं धड बघितलंही नाही. डाव्या हातानं तो बाजूला सारला, हळूच सारला, आणि हात उचलून मावळतीकडं दाखवला. परत परत तिकडंच.

झालं, त्या हातावरून घरात तीन मतं. आई म्हणाली, ऊन डोळ्यावर येतंय, खाट फिरवा. भाऊ म्हणाला, मेंढरं घेऊन खाली निघ असं सांगतायत. मला वाटलं शेपूट अजून चुकलंय, वळण थोडं निराळं असेल, आणि ते बरोबर कसं ते आबांना सांगता येत नाही. खाट फिरवली, आबा 'न् न्' करतच राहिले. भाऊ काठी घेऊन उभा राहिला, तेव्हा तर त्यांनी पाणी भरलेला तांब्याच लोटून दिला. भाऊही माणूसच. तो म्हणाला, खूण असू दे नाहीतर नसू दे, मी परवा निघणार, मेलेल्या मेंढरावर खूण घालून करायचं काय. आणि तो बाहेर निघून गेला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पहिल्यांदा बघितलं. मला ते सहन झालं नाही. मी गोठ्यामागं जाऊन रडले, आणि रडता रडता स्वतःवर चिडले, कारण रडण्यात वेळ चालला होता.

मेंढरांवरच्या जुन्या खुणा लोकर कातरताना अर्ध्यामुर्ध्या उरलेल्या, त्यामुळं आमच्या खुणेचं नेमकं वळण आबांशिवाय एकाच माणसाला ठाऊक असणार. वाटणीच्या वेळी जो समोर उभा होता त्याला. तात्या आधीच खाली उतरले होते. कुणीतरी सांगितलं, शिराळ्याकडं ऊस तुटलेल्या रानात तळ आहे. मी कराडला येऊन स्कूटर काढली. वाटेत भर रस्त्यात मनाशी बोलत होते, तात्यांना काय म्हणायचं, तोंड तरी उघडतील का, हाकलून दिलं तर काय. शिराळ्याच्या अलीकडं एका रानाच्या बांधावर फौजेतून निवृत्त झालेला मालक भेटला. त्यानं बोट दाखवून सांगितलं, सीधा जावा, म्हातारा डिसिप्लिनवाला हाय, गाडी लांब लावा, मेंढरं बुजतील.

तात्या खाली बसून एका कोकराचा पाय बघत होते. मला ओळखलं, पण कोकरू सोडलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. झटका, हात, पत्रा, पहिलं शेपूट, दुसरं शेपूट. मग पिशवीतून वही-पेन काढून त्यांच्यापुढं केलं आणि आमच्या खुणेचं वळण काढून द्या म्हणाले. त्यांनी पेनाकडं बघितलं नाही. त्यांनी विचारलं, जेवतो का. मी म्हणाले, भरवावं लागतं. बसतो का. टेकू दिला तर बसतात. मेंढरं कुणाबरोबर यायची. भाऊ एकटा. त्यावर ते परत कोकराचा पाय चाचपायला लागले. मी पायावरचा भार बदलत राहिले. शेवटी मी म्हणालेच, तात्या, वळण सांगताय ना, ते नेमकं कळत नाही म्हणून आबा नको म्हणतायत.

तेव्हा त्यांनी कोकरू खाली ठेवलं. "खूण नगं म्हनत न्हाई त्यो. तुमच्या हातची नगं म्हनतोय. मावळतीला काय हाय? मी हाय."

इतके दिवस मी शेपटाला धरून बसले होते, आणि आबांचा हात सरळ माणसाकडं बोट दाखवत होता. कर्त्याचा हात गेला की त्याच्या वरच्या कर्त्याचा हात, एवढी साधी रीत. पण इतक्या वर्षांच्या अबोल्यात वर कुणी आहे हेच आम्ही पोरं विसरून गेलो होतो. तात्यांनी तळ मुलांवर सोपवला, खांद्यावर घोंगडी टाकली, स्वतःच्या रंगाचा डबा घेतला आणि स्कूटरवर मागं बसले. जन्मात स्कूटरवर बसले नव्हते. डबा एका हातात, दुसऱ्या हातानं माझ्या ओढणीचं टोक गच्च धरलेलं. कराडचा पूल आला तेव्हा म्हणाले, जरा हळू घे गं बाय.

कराडहून एसटीनं गाव गाठलं. तात्या आमच्या अंगणात शिरले तेव्हा आबा खाटेवर टेकून बसले होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी होईल, गळ्यात पडतील, रडतील. काही झालं नाही. तात्यांनी विचारलं, "कवापासनं खोळंबलीत मेंढरं?" आणि आबांनी डावा हात असा काही हलवला, की बघ ना, ही कार्टी काही समजतच नाहीत. तो हात मात्र मला पहिल्या झटक्यात समजला.

तात्यांनी मेंढी पुढं घेतली. माझे दोन्ही पत्रे भिंतीला टेकलेले होते, तिकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही. बोटभर रंग घेतला, वरची रेघ ओढली, वेटोळं घातलं, आणि शेपूट काढलं उजवीकडं.

भाऊ पुढं आला. तो रागानं लाल झाला होता, आणि मीही. "तात्या, ही तुमची खूण झाली. खाली दोन कळप एकत्र आले तर आमची मेंढरं आमी वळखायची कशी?"

तात्या दुसरी मेंढी धरत म्हणाले, "वळखायची कशाला? येका तळावर ऱ्हातील. तू बी."

मी आबांकडं बघितलं. यावर तरी ते 'न् न्' करतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, होय म्हणून. एकदा नाही, कितीतरी वेळा. झटका आल्यापासून त्या माणसाच्या जिवाला हाच घोर लागला होता. पोरगं एकटं खाली जाणार. वाट ठाऊक नाही, रानाचे मालक ठाऊक नाहीत, अवकाळी आला तर मेंढरं कुठं घालायची ठाऊक नाही. आणि आपण परत चालणार नाही. एक खूण म्हणजे एक तळ, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. मी मात्र दोन शेपटांना दोन आकडे मिळवून द्यायला निघाले होते.

भावाला ते लागलं. आपल्यावर बापाचा भरवसा नाही, हे असं भर अंगणात, रंगाच्या डब्यासमोर कळणं सोपं नाही. तो काठी टेकून उभा राहिला, जाऊ की नको अशा थाटात. मग आई त्याला काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. त्यानं काठी भिंतीला लावली आणि तात्यांसाठी मेंढरं धरायला लागला. दिवस मावळेपर्यंत खूण घालायचं काम चाललं. मी डबा धरला. माझ्या बोटांचा रंग पुढं कितीतरी दिवस गेला नाही.

पुण्याच्या बाईंना मी त्या गडबडीतच फोन केला, की दुसरं वळण राहू द्या. त्या म्हणाल्या, अगं, मी नुकतंच मंजूर करून घेतलंय, तुझ्यासाठी भांडले मी. मला त्यांना काही समजावता आलं नाही. नको म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. नंतर वाईट वाटलं. त्या बाई वाईट नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मेंढरं निघाली. घोड्यावर बोचकी चढवली, कुत्री पुढं पळाली, भाऊ आबांच्या पायावर डोकं ठेवून कळपाबरोबर गेला. आम्ही खाट अंगणाच्या कडेला आणली होती. तात्या निघताना वाकून आबांच्या कानाशी काहीतरी बोलायला गेले आणि आबांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. धरलं ते सोडेनात. तात्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. तसेच वाकून उभे राहिले, पाठीला कळ लागली असेल म्हाताऱ्याच्या. मेंढरं ओढा ओलांडून गेली, धूळ उठली, घंटांचा आवाज बारीक होत गेला. आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटत होतं पुढं व्हावं, बोटं एकेक करून सोडवावीत, आणि वाटत होतं नको, राहू दे असंच.

"सोड आता गड्या," तात्या म्हणाले. "आपलं पोरगं म्होरं एकटंच गेलंय."

आबांनी मनगट सोडलं.